लंकाबाईनं मोडलेले कोयते

लंकाबाई लोहारीण घण घालायला लागली की फाट्यावरची रिकामी मंडळी चहाचा कप हातात धरून बघत उभी राहायची. खरं तर यात नवल काही नव्हतं. लोहाराच्या घरात घण बायकोच घालते; नवरा सांडशीत लालबुंद लोखंड धरून बसतो आणि लहान हातोडीनं टकटक करून कुठं मारायचं ते दाखवतो. पण लंकाबाईचा घण खरोखरच बघण्यासारखा होता. अंगानं काटकी, साठीला टेकलेली, पदर कमरेला खोचलेली ही बाई, आणि घाव मात्र हातोडीनं दाखवल्या जागेवरच. एखादा चेष्टेनं म्हणायचा, "मावशी, दमानं घ्या, ऐरण जमिनीत जाईल." ती हात न थांबवता उत्तर द्यायची, "तू मदी ये, मंग तू जाशील."

पाथर्डीच्या रस्त्याला त्या फाट्यावर तिच्या नवऱ्याची, गोरक्षनाथाची भट्टी होती. दोघी पोरी लग्न होऊन गेलेल्या, थोरली केडगावात, धाकटी पारनेरकडे. घरात ही दोघंच. वर्षभर विळे-खुरपी चालायची, पण खरा धंदा दसऱ्याच्या आधी. तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या संगमनेरकडं निघायच्या आणि जाताना कोयते घेऊन जायच्या. दुकानात रंग दिलेले चकचकीत कोयते मिळतात, मोबाईलवर मागवले तर घरपोच येतात. तरी या टोळ्या गोरक्षनाथाकडंच यायच्या. धारेसाठी म्हणाल तर तसं नाही, धार काय कुणीही काढून देतो. गोरक्षनाथ दर लॉटमधला एक कोयता मोडायचा, म्हणून यायच्या.

चांगला तयार कोयता मोडायचा म्हणजे लोकांना येडेपणा वाटे. पण गोरक्षनाथाचं म्हणणं असं, की कोयता वरून बघून काही कळत नाही. वाजवून थोडं कळतं. आतलं लोखंड कसं झालंय ते मोडल्याशिवाय दिसत नाही, आणि ज्याचं आतलं बघितलं नाही ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. मग लॉट झाला की हाताला येईल तो कोयता बाभळीच्या ओंडक्याच्या खाचेत अर्धा रोवायचा आणि लंकाबाईनं आडवा घण घालायचा. चांगला कोयता आधी वाकायचा, पुन्हा घाव घातला की आणखी वाकायचा, आणि शेवटी नाइलाजानं मोडल्यासारखा मोडायचा. मोडल्या जागी लोखंडाचा दाणा बारीक, राखेसारखा करडा. लोखंड भट्टीत जास्त तापलं असेल तर मात्र पहिल्याच घावाला तुकडा, आणि आत दाणा जाड, खडीसाखरेसारखा चमकणारा. तो चमकणारा दाणा गोरक्षनाथाच्या भट्टीत कधी दिसलाच नव्हता. "ज्या दिशी माजा दाणा जाड निगंल त्या दिशी भट्टी बंद," असं तो बोलायचा, आणि बोलताना त्याचा चेहरा जरा फुगायचाही. माणसाला कशाचा तरी गर्व असावाच लागतो. बारीक दाण्याचे तुकडे तो तारेत ओवून भट्टीच्या तोंडाशी टांगायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून.

मग त्याचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेनं गेले. नगरच्या दवाखान्यात काचबिंदू सांगितला. थेंब घाला, आहे ते टिकवा, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. गोरक्षनाथ घरी आला आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर बसला. लंकाबाईनं विचारलं, "दिसतंय का?" तो म्हणाला, "लोखंड काय मला आज भेटलंय व्हय?" तिनं घण उचलला. त्याच्याकडून भट्टी काढून घेतली तर त्याच्यात राहणार काय, हा विचार तिला पोखरत होता. रिकामा बसलेला लोहार तिनं बघितला होता, तिचा बापच तसा बसला होता, आणि फार दिवस बसला नव्हता.

पण भट्टीला दया नसते. लोखंड किती तापलं हे रंगावरून ओळखायचं असतं. पिकल्या बोरासारखं लाल झालं की काढून पाण्यात घालायचं. गोरक्षनाथाला तो लाल रंग आता दिसेना. दिसायचा तो त्याच्याही पुढचा, पिवळट भडक. त्याच्या हिशेबानं तो वेळेवर काढत होता, आणि लोखंड तोवर करपलेलं असायचं. लंकाबाईला शेजारी उभं राहून ते दिसत होतं. "काढा आता," असं ती एकदोनदा म्हणालीही. तो म्हणाला, "तू घणाचं बघ." त्यानंतर ती म्हणाली नाही.

त्या वर्षी दसऱ्याआधीचा लॉट झाला आणि डोळे दाखवायला म्हणून थोरला जावई त्याला नगरला घेऊन गेला. जाताना गोरक्षनाथ सांगून गेला, "मी येतो तवर एक मोडून ठिव."

लंकाबाईनं कोयता खाचेत रोवला, घण घातला. पहिल्याच घावाला तुकडा उडून कुडाला लागला. तिनं तो उचलून उन्हात धरला. खडीसाखर. मग तिच्या मनानं तेच केलं जे घाबरलेल्या माणसाचं मन करतं: एखादा असेल तसा, सगळेच काही तसे नसतील. तिनं दुसरा रोवला. तोही तसाच गेला. तेव्हा तिनं थांबायला हवं होतं. पण ती थांबली नाही, तिनं तिसरा घेतला. तो वाकला, पुन्हा वाकला, आणि मोडला तेव्हा दाणा बारीक, करडा, जुन्या दिवसांसारखा. तिला रडूच आलं. दोन कोयते खोटं बोलत होते आणि हा एक खरं बोलत होता, असं तिनं ठरवून टाकलं. पहिल्या दोन्हींचे तुकडे तिनं भंगाराच्या ढिगाखाली सारले आणि तिसऱ्याचे हातात घेऊन दारात बसून राहिली, तो आला की त्याच्या हातात द्यायला.

गोरक्षनाथ आला. चप्पल काढायच्या आधीच त्यानं विचारलं, "दाणा कसा हाय?"

"बारीक," ती म्हणाली.

त्यानं तुकडा मागितला नाही. हात पुढं केला नाही. "बरं," म्हणाला आणि पाय धुवायला गेला. ते तुकडे तिच्या हातातच राहिले. संध्याकाळी तिनं ते तारेत ओवले.

दसऱ्याच्या तोंडावर टोळ्या आल्या. त्यात ज्योती होती, तिचा नवरा सुनील होता. ही दोघं लग्न झाल्यापासून इथूनच कोयते न्यायची; ज्योती गोरक्षनाथाला नाना म्हणायची आणि लंकाबाईला मावशी. तिनं तारेतले तुकडे बोटानं फिरवून बघितले, हसली, आणि दोन कोयते पिशवीत टाकून निघून गेली. लंकाबाई त्या पिशवीकडं टेम्पो वळेपर्यंत बघत राहिली. हंगाम सुरू झाल्यापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. पण कुणाचं काही आलं नाही, दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि माणूस जसा स्वतःला समजावतो तसं तिनंही समजावलं, की झालं, निभावलं.

उन्हाळ्यात कारखान्यांची धुराडी थंड पडली, टोळ्या परतल्या, आणि एका दुपारी ज्योती आणि सुनील भट्टीपाशी येऊन उभी राहिली. ज्योतीचा डावा हात पोटाशी धरलेला होता. बोटं अर्धवट वळलेली, आणि तळव्यावरून मनगटापर्यंत जाड व्रण. उजव्या हातानं तिनं फडक्यातून कोयत्याचे दोन तुकडे काढले.

"नाना, भांडाया न्हाई आले," ती म्हणाली. "माजाच घाव दगडावर बसला आसंल. तुकडा उडून हातावरच आला, शिरा तुटल्या. पन तुमचा कोयता दगडावर वाकतो, असा मोडत न्हाई. म्हनून दाखवाया आनला."

गोरक्षनाथानं दोन्ही तुकडे घेतले. मोडल्या जागेवरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा, फार सावकाश. अंगठ्याखाली दाणा जाड लागला.

"हात मिटतो का गं पोरी?" त्यानं विचारलं.

"न्हाई, नाना. भाकर थापता येत न्हाई. ऊस धरायचा हात ह्योच व्हता."

त्यानं तुकडे फडक्यावर ठेवले. मग बायकोकडं तोंड न वळवता म्हणाला, "लंके, ह्या लॉटातला मोडला व्हतास ना?"

खोटं बोलायला तिला अजूनही जागा होती. एक मोडला, तो बारीक निघाला, हा एकटाच वाईट असेल, असं म्हणता आलं असतं. ते शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही. पण ज्योतीचा हात समोर होता.

"तीन मोडले," ती म्हणाली. "दोन जाड निगाले. तिसरा बारीक. म्या तिसऱ्याचं सांगितलं."

सुनील ताडकन पुढं आला. ज्योतीनं त्याच्या सदऱ्याला धरून त्याला थांबवलं. मग तिनं लंकाबाईकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मला एकटीला सांगायचं. मी दुसरीकडून घेतला असता."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर लंकाबाईला सोसलं असतं. हे सोसवलं नाही. ती पदर तोंडात कोंबून भुईवर बसली. दोघं निघून गेली तरी ती तशीच बसून होती. ती दोघं आल्या आल्या तिनं पुढं ठेवलेला चहा कुणी घेतला नव्हता.

शेवटी गोरक्षनाथ बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं.

"तुला वाटलं, मला ठाव न्हाई? सालभरापासनं मला लाल रंग दिसत न्हाई. अंदाजानं काढीत व्हतो. म्या म्हनलं, असू दे, मोडनारी लंका हाय. आपून चुकलो तर ती जाड म्हनंल, त्या दिशी बंद करू. तुज्या भरवशावर बसत व्हतो मी तितं."

"तुमी खचला असता," ती रडत म्हणाली.

"खचलो असतो," तो म्हणाला. "पोरीचा हात ऱ्हायला असता."

भट्टी त्या दिवसापासून बंद आहे. लंकाबाई गावोगाव फिरली, त्या लॉटातले कोयते कुणाकुणाकडं गेले ते आठवून आठवून परत मागून आणले. कुणी दिले, कुणी दारातूनच घालवलं. आणलेले सगळे तिनं ओंडक्यात रोवून मोडले. काही चांगले निघाले, काही जाड. वरून सारे एकसारखे दिसत होते. ज्योतीच्या घरी ती दर बाजाराला जाते, भाकरी करून देते, धुणं धुते. ज्योती नको म्हणत नाही आणि बसही म्हणत नाही.

गोरक्षनाथाला आता उजेड-अंधार एवढंच कळतं. बायकोवर तो चिडत नाही. तिच्या हातचं जेवतो, तिचा हात धरून उठतो, थेंब घालायला तिच्यापुढं मान वर करतो. फक्त तिला तो काही विचारत नाही. दूध उतू जातंय का हे वासावरून ओळखतो. दारात कोण आलं हे थांबून, आवाज ऐकून ओळखतो.

परवा शेजारची दगडाबाई विरजण मागायला आली होती. तिची चाहूल लागताच त्यानं तोंड तिकडं वळवलं. "दगडाबाई, आभाळ आलंय का गं?" त्यानं विचारलं. लंकाबाई त्याच्या हाताच्या अंतरावर उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती, आणि तिच्यासमोर सगळं आभाळ भरून आलेलं होतं.