कापसाच्या भिंतींआडची भाऊबीज

घरात कापसाच्या भिंती उभारून त्यांच्याआड पाहुण्यांना जेवायला बसवायची कल्पना माझी होती. आमच्या घरात काहीही बिनसलं की आजही सगळे आधी माझ्याकडे बघतात, ते त्या दिवसापासून.

तिकडे अमेरिकेत गोरे आपसात लढत होते आणि इकडे वऱ्हाडात आमची डोकी फिरली होती. त्यांचा कापूस बंद पडला आणि आमच्या कापसाचा भाव आभाळाला टेकला. मीही शेतावरचं घर सोडून अमरावतीत नवं घर केलं, आणि भाव अजून चढेल म्हणून सगळा कापूस गाठोडी बांधून त्याच घरात रचला. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, देवघरात कापूस! देवाला नमस्कार करायचा तर अंग चोरून करावा लागे.

नव्या घरातली ती पहिली दिवाळी. भाऊबीजेला बायकोचा भाऊ रामभाऊ धामणगावाहून येणार, हे ठरलेलं. सागोतीशिवायचं जेवण त्याच्या लेखी जेवणच नव्हे, म्हणून परसात एक बोकड बांधून ठेवलेला. त्यात कापूस घेणाऱ्या शेठजींनाही मी बाजारात मोठेपणाच्या भरात "जेवायलाच या" म्हणून बसलो. ते कांदा-लसूण खात नसत, जमिनीखाली उगवलेलं खात नसत, आणि सूर्य बुडाल्यावर तर काहीच खात नसत. इथवर कसंबसं निभावलं असतं. पण भाऊबीजेच्या दुपारी दारात बैलगाडी थांबली आणि तिच्यातून दर्यापूरचे गोविंदबुवा उतरले. माझ्या पायांखालची जमीनच सरकली!

गोविंदबुवा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, चंद्रीचे, होणारे सासरे. (होणारे, म्हणजे झाले तर!) गळ्यात तुळशीची माळ. ज्या घरात सागोती शिजते त्या घरची मुलगी करणार नाही, हे त्यांनी आधीच बजावलेलं. यायचे होते पंचमीला. "गाडी रिकामी येऊन राहिली होती, म्हून आजच आलो," म्हणाले. आईबापांमागे चंद्रीला मीच वाढवलेलं. हे स्थळ तिच्या फार मनात होतं, हे मला ठाऊक होतं. जेवणं झाली की सुपारी फुटायची.

मी धावत चुलीपाशी गेलो.

"आता वं?"

"काहून बोलावलं सगळ्याइले एकाच दिवशी?" बायको म्हणाली.

"मी नाही बोलावलं बुवाले! अन् त्या बोकडाचं काय?"

"त्याची काळजी तुमी नका करू."

"रामभाऊले सागोती नाही भेटली त रुसन तो. अन् बुवाले दिसली त चंद्रीचं लग्न मोडन! ऐक, तिघाइले तीन खणात बसवू. मधात गाठोड्याच्या भिंती. कोनी कोनाचं पान पायनार नाही. तू तीन भांडे भर, मी सोता वाढतो."

तिने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "बरं." (तिच्या या 'बरं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.)

पंगत बसली. म्हणजे तीन पंगती बसल्या, एकेका माणसाच्या! सागोतीचं भांडं ओळखू यावं म्हणून त्याच्या कडीला मी चिंधी बांधली होती. तिन्ही भांड्यांवर बोटभर लाल तर्री. खाली काय आहे ते देवालाच ठाऊक.

रामभाऊला वाढलं. पहिल्याच घासाला तो खूश. "भाऊजी, बोकड मोठा कवळा होता! अन् हाडं सुद्धे काढून टाकले तुमी. याले म्हनतात पाहुणचार!"

"हळू बोल ना बापा!"

तेवढ्यात पलीकडून शेठजी ओरडले, "अरे भाई, सूरज डूब रहा है!" मी धावलो. शेठजी उजव्या हाताने जेवत होते आणि डाव्या हाताने भिंतीतल्या गाठोड्यातून कापूस उपसून त्याचा धागा ताणून पाहत होते. खरेदीवाल्याची सवय! "माल अच्छा है," म्हणाले. मी फुगलो आणि म्हणालो, "पाहा ना, खालच्या गाठोड्यातला बी पाहा!"

त्याच फुगलेल्या अंगाने बुवांना वाढून आलो. बाहेर येऊन हातातल्या भांड्याकडे पाहिलं. कडीला चिंधी!

माळकरी माणसाला मी सागोती वाढली होती! इतक्यात आतून बुवांचा आवाज आला, "देवराव, रस्सा आना अजून थोडा! लय झकास झाला."

त्याच क्षणी शेठजींनी खालच्या गाठोड्यातला आणखी एक पुंजका ओढला, आणि भिंत धाडकन आडवी झाली. तिच्या धक्क्याने दुसरी! घरभर कापूस उडाला. तिघे पाहुणे डोक्यावर, मिशांवर कापूस घेऊन एकमेकांकडे पाहत बसले.

"तुमी काय खाऊन राहिले?" बुवांनी रामभाऊला विचारलं.

"सागोती!" रामभाऊ अभिमानाने म्हणाला.

बुवांनी त्याच्या वाटीत पाहिलं. मग स्वतःच्या वाटीत पाहिलं. रस्सा तोच, गोळे तेच. त्यांचा हात माळेकडे गेला.

मी त्यांचे पायच धरले. "बुवा, चूक माही हाय! भांडं मी बदललं. मले चार लोकात जोडे मारा, पन माह्या चंद्रीले बोल लावू नका!" मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू.

"कायची सागोती?" दारातून बायको म्हणाली. "बेसनाचे गोळे हायेत ते. कांदा नाही, लसून नाही. खोबरं अन् तीळ वाटून एकच रस्सा केला, सगळ्याइले चालन असा. यायनं तीन भांडे मांगतले, मी तिनात ओतला."

"अन् बोकड?" मी अन् रामभाऊ एकदमच ओरडलो.

तिने बोट दाखवलं. दावं तोडून आलेला बोकड पडलेल्या भिंतीवर उभा राहून माझा कापूस सरकीसकट खात होता.

एका घासात बोकडाचा कवळेपणा ओळखणारा रामभाऊ मिशीतला कापूस वेचू लागला. शेठजींनी सूर्य बुडाला म्हणून हात धुतले. आणि बुवा! बुवा पोट धरून हसत होते.

"ज्या पोरीची भावजय अशी, ते पोरगी माह्या घरात पाह्यजे," म्हणाले. "काढा सुपारी! पन देवराव, लग्नात वाढाले तुमी उभे राहू नका."

त्यांनी शब्द पाळला. चंद्रीच्या लग्नात मला एकच काम दिलं होतं: मांडवाबाहेर त्या बोकडाचं दावं धरून बसायचं.

तोही सुटला.