शशीसाठी काय मागू?

आजवर कोणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं प्रवासवर्णन लिहायला हात मोकळा होईल. नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, रविवारची मध्यस्थीची प्रार्थना (दुसऱ्यांसाठी देवाकडे करायचं मागणं) कित्येक वर्षं मी चालवतो. धाकटा भाऊ शशी मंडळी सोडून गेला, तेव्हापासून एकही रविवार मी त्याच्यासाठी प्रार्थना केल्यावाचून सोडलेला नाही. लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा. पण त्या सगळ्या प्रार्थना मायक्रोफोनसमोरच्या. कोणी ऐकत नसताना, एकट्याने, दार लावून मी त्याच्यासाठी एक शब्दही मागितला नव्हता.

मायक्रोफोनसमोर काय मागायचो तेही ऐका. "हे प्रभू, आमच्यातली काही मेंढरं नव्या कुरणाच्या मोहाने कळप सोडून चालली आहेत, त्यांना नम्र कर." काही मेंढरं म्हणजे एकच मेंढरू, हे मागच्या बाकावरच्या पोरांनाही ठाऊक होतं. लहानपणी वडिलांनी मंदिरात (चर्चला आम्ही मंदिरच म्हणतो) दिलेला बाप्तिस्मा पुरेसा नाही असं वाटून शशीने चाळिशीत दुसऱ्या एका मंडळीबरोबर शेततळ्यात बुडी मारून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. मला तो वडिलांचा अपमान वाटला. तरी सुरुवातीला तो आमच्या उपासनेला यायचा, आणि मी डोळे मिटून त्याला सुनावायचो. प्रार्थना चालू असताना कोणी उलट उत्तर देत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय. मग तो यायचा थांबला. पुढे रसायनांच्या नोकरीवर जर्मनीत लुडविग्सहाफेनला गेला. आमचं बोलणं त्याआधीच बंद झालं होतं.

माझी मुलगी स्नेहल स्टुटगार्टला इंजिनीअर आहे. तिने यंदा बोलावून घेतलं. आईजवळ कोणीतरी हवं म्हणून बायको घरी थांबली. निघताना आई म्हणाली, "शशीला भेटून ये रे."

"बघू. तिकडे अंतरं फार असतात," मी म्हणालो.

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता. स्टुटगार्ट आणि लुडविग्सहाफेन या दोन गावांवर माझा एकच अंगठा मावत होता.

फ्रँकफर्टला उतरलो तर स्टुटगार्टची गाडी उशिरा. मी वेळेवर आलेल्या माणसाच्या तोऱ्यात फलाटावर उभा होतो. न्यायला आलेली स्नेहल म्हणाली, "बाबा, जर्मन माणूस वेळेचा पक्का, हे घरी गेल्यावर खुशाल सांगा. इथे कोणाला सांगू नका, हसतील."

स्टुटगार्ट म्हणजे वाटीच्या तळाशी वसलेलं गाव आणि वाटीच्या कडेवर माझ्या मुलीचं घर. एस-बानमधून (उपनगरी गाडी) उतरल्यावर द्राक्षमळ्यांच्या कडेने चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. इथल्या लोकांना त्यांचा मोठा अभिमान. माझी बॅग स्नेहलने उचलली, माझं पोट मात्र मलाच न्यावं लागलं. अर्ध्या वाटेवर मी खराखुरा देवाचा धावा केला. जर्मन भूमीवरची ती माझी पहिली प्रामाणिक प्रार्थना, आणि ती स्वतःसाठी होती.

रात्री माउल्टाशं खाल्ली. कणकेसारख्या पापुद्र्यात मांसाचं सारण भरून उकडलेले चौकोन, वर तळलेला कांदा. स्नेहलने सांगितलं, उपासाच्या दिवसांत मांस खाता यावं म्हणून म्हणे मठातल्या साधूंनी ते पापुद्र्यात दडवलं, देवाला दिसू नये म्हणून. मी खूप हसलो. मग आणखी दोन घेतली.

पहाटे उठून मी मोठ्याने प्रार्थना केली. शेजारच्या खोलीतल्या मुलीला ऐकू जावी, वडील परदेशातही नेम चुकवत नाहीत हे तिला कळावं, हा हेतू. दोन-तीन दिवसांनी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या केलरबाई भेटल्या. त्या स्नेहलशी हळू आवाजात काही बोलल्या आणि माझ्याकडे काळजीने पाहून गेल्या.

"काय म्हणत होत्या?"

स्नेहल हसू दाबत होती. "आल्झो (म्हणजे, तर)... त्या विचारतायत, तुमचे वडील रोज पहाटे फोनवर कोणाला झापतात?"

"फोनवर? अगं, प्रार्थना करतो मी!"

"सांगितलं की. तर म्हणाल्या, मग देवाचं काय चुकलंय?"

त्यानंतर मी पहाटे अंथरुणातच पडून राहू लागलो.

रविवारी स्नेहलने मला गाडीत बसवलं. भारतातून आलेले विश्वासी महिन्यातून एकदा एकत्र जमतात, तिकडे जायचं म्हणाली. मॅनहाइम जवळ आल्यावर तिने हळूच विषय काढला.

"बाबा, एक सांगायचं राहिलं. काका येणारेत तिथे."

"राहिलं की ठेवलं?"

"गेनाऊ," ती म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर. "ठेवलं होतं."

गाडी ऱ्हाइनच्या पुलावर आली. खाली मालाने भरलेले लांबच लांब पडाव संथ चालले होते, पलीकडच्या काठावर लुडविग्सहाफेनच्या कारखान्यांच्या चिमण्या आणि आतड्यांसारखे गुंतलेले चकचकीत पाइप. एरवी मी या दृश्यावर पानभर लिहिलं असतं. तेव्हा मात्र परतीची गाडी किती वाजता आहे एवढंच डोक्यात होतं.

एका जर्मन चर्चने आपलं सभागृह या लोकांना वापरायला दिलं आहे. आत टेबलावर केक, कॉफी आणि कोणीतरी केलेले बटाटेवडे. गोल मांडलेल्या खुर्च्या. वसईच्या कॅथलिक फिलोमिनाबाई, इथे परिचारिका आहेत, जपमाळ हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या डावीकडे एक केरळी जोडपं, पलीकडे हात वर करून गाणारे पुण्याचे विद्यार्थी. आमच्याकडे यांच्यातले निम्मे उरलेल्या निम्म्यांना धड ख्रिस्ती मानत नाहीत. मी कोणत्या निम्म्यात, ते वाचकांनी ओळखलं असेल.

"तुम्ही नगरचे ना?" फिलोमिनाबाई म्हणाल्या. "म्हणजे प्रार्थना लांबणार. कॉफी आधीच घ्या हो!"

शशी आला. केस पार पांढरे झालेले.

"दादा."

"शशी."

"प्रवास बरा झाला?"

"झाला. गाडी उशिरा होती."

"असतेच."

इतक्या वर्षांचं एवढंच निघालं. माझ्या उजवीकडची खुर्ची स्नेहलची होती. ती उठली आणि काकाला तिथे बसवून स्वतः पलीकडे जाऊन बसली.

सभा चालवणाऱ्या हेल्गाबाई सत्तरीच्या, आवाज शिस्तीचा. इथली पद्धत त्यांनी सांगितली, स्नेहलने मराठीत केली. प्रत्येकाने उजवीकडच्या माणसाला विचारायचं, तुझ्यासाठी काय मागू? तो सांगेल तेवढंच मागायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. ही सक्ती का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "पूर्वी आमच्याकडे लोक प्रार्थनेतून एकमेकांना टोमणे मारायचे." मी कमालीचं आश्चर्य वाटल्याचा चेहरा केला. शशी खोकला.

फेरी सुरू झाली. फिलोमिनाबाई माझ्याकडे वळल्या. "बोला, तुमच्यासाठी काय?"

खरं मागणं उजवीकडच्या खुर्चीत बसलं होतं. मी म्हणालो, "साखर आटोक्यात राहू दे." माझ्या हातात तेव्हा केकचा दुसरा तुकडा होता. त्यांनी त्या तुकड्याकडे पाहिलं आणि बिनतक्रार एका वाक्यात माझी साखर देवाच्या हवाली केली.

आता माझी पाळी. वर्षानुवर्षं ज्याच्या नावाने मागत होतो, त्याला काय हवं ते विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

"शशी, तुझ्यासाठी काय मागू?"

त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आई मंदिरात येते अजून?"

"गुडघे गेलेत तिचे. नाताळात कसंबसं नेऊ."

"मी नाताळात येतोय. तिच्या शेजारी बसून एकदा प्रभुभोजन घ्यायचंय. तेवढं माग."

इथे वाचकांना आणखी एक सांगायला हवं. बाहेर जाऊन दुसरा बाप्तिस्मा घेणाऱ्याला आमच्या मंदिरात प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला द्यायचा नाही, असा आमच्या पंचांचा ठराव आहे. तो मी मांडला होता. सिद्धांताचं नाव पुढे केलं होतं, रोख शशीवर होता. आता देवाकडे जो अर्ज न्यायचा, तो अडवून बसलेला कारकून मीच.

मी डोळे मिटले. सवयीने "हे प्रभू, आमच्यातल्या काही" इथपर्यंत गेलो आणि थांबलो. पुन्हा सुरुवात केली. "प्रभू, शशीला नाताळात आईशेजारी बसू दे." पुढचं मागण्याऐवजी मी रुमाल शोधायला लागलो. मग उजवीकडून कुजबुज आली.

"प्रभुभोजन राहिलं, दादा. अर्धंच मागितलंस."

फिलोमिनाबाई फिसकन हसल्या.

"आणि प्रभुभोजन घेऊ दे," मी म्हणालो. सगळ्यांनी आपापल्या चालीत आमेन म्हटलं.

नंतर आम्ही दोघं नदीकाठी गेलो. वारा बोचरा होता, नाक वाहत होतं, त्यामुळे डोळे पुसायला निमित्त मिळालं.

"तो ठराव मी मांडला होता," मी म्हणालो.

"माहितीये. ऐकला तेव्हाच कळलं. असलं जड मराठी घरात तूच बोलतोस."

"मग सरळ मलाच का नाही सांगितलंस? देवाला कशाला मध्ये घातलंस?"

"तुला सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास? 'शशी, मी प्रार्थना करतो.'"

त्याने खिशातून ब्रेत्सेल (मिठाचे खडे लावलेला पिळाचा पाव) काढला, मोडला, मोठा तुकडा मला दिला. "साखर नाहीये यात," म्हणाला.

घरी परतल्यावर आईने विचारलं, "भेटला का?" भेटला म्हटलं. काय बोललात? "गाडीच्या उशिराबद्दल." ती समाधानाने झोपली. रविवारी माझी मध्यस्थीची प्रार्थना इतकी छोटी झाली की बाहेर दोघा-तिघांनी घसा बसलाय का असं विचारलं. संध्याकाळी खोलीचं दार लावून शशीसाठी मागितलं. हळू आवाजात, त्याने सांगितलं तेवढंच. दार लावलेलं पाहून बायकोने बाहेरून विचारलं, बरं वाटत नाही का.

त्यानंतर पंचांची बैठक झाली. कुंपणाच्या रंगावर पुष्कळ चर्चा झाली, मीही हिरिरीने बोललो. अध्यक्षांनी विचारलं, आणखी काही विषय? मी बिस्किट चहात बुडवत होतो. नाही म्हणालो.

आपापल्या उपासनापद्धती न सोडता त्या सभागृहातले लोक एकमेकांसाठी मागतात, हे मी पाहून आलो. इथे ते सांगायला मला मंडळीतली माणसं शोधावी लागत नाहीत, रोजच भेटतात. आणि या पानांवर लिहून झालं म्हणजे त्यांच्यासमोर बोलून झालं, असं होत नाही.

शशीने नाताळचं तिकीट काढलं आहे. तो ठराव मी मांडला होता. तो चुकीचा होता, मी भावावरच्या रागाने मांडला होता आणि तो रद्द करा, हे पंचांसमोर आणि मंडळीसमोर उभं राहून मलाच म्हणायचं आहे. ते मी अजून म्हटलेलं नाही.