मायच्या तोंडचा "मुडद्या"

दोन हजार सोळा साल. मी त्रेसष्ट वर्षांचा. भर मांडवात, गावासमोर, एका सायबानं माह्या बायकोले उभं केलं अन् माइकमधून सांगितलं, या बाईनं पोराचं डोकं बिघडवलं.

डोक्याच्या आजाराचं शिबिर होतं. आमच्या भागातल्या एका संस्थेच्या अध्यक्षानं भरवलेलं. शाळा त्याची, जमीन त्याची, मांडवही त्याचाच. सायब शहरातून आणलेला. औषध देणारा डॉक्टर नव्हता तो, नुसता बोलणारा होता. पण आमाले कोण सांगणार?

माहा पोरगा विलास अठ्ठावीस वर्षांचा. माह्यासोबत विहिरी खोदायचा. एक दिवस पहार फेकून वर आला. म्हणे, खालचे दगड माहं नाव घेतात. तवापासून चार वर्षं भिंतीशी भांडायचा, झोपायचा नाही.

सायबानं बायकोले विचारलं, घरात याला काय म्हणून हाक मारता? ती लाजली. पण खरं तेच बोलली.

"मुडद्या म्हणतो जी. मुडद्या, जेवून घे."

आमच्याकडं कोणती माय म्हणत नाही? जितकं लाडाचं लेकरू, तितक्या वेळा मुडदा. सायबाले ते ठाऊक नव्हतं. त्याचे डोळे चमकले.

"ऐकलंत? तोंडाने मेलेला म्हणायचं आणि हाताने घास भरवायचा. मुलाने कशावर विश्वास ठेवायचा? अशा दुटप्पी प्रेमातून मन दुभंगतं."

मागून कोणीतरी बोललं, मंग तं सारं गावच येडं हाय लेका. मांडव हसला. अध्यक्षानं माइक घेतला. "या लोकांना लेकरं काढता येतात, बोलता येत नाही." मांडव अजून हसला. बायको पदर तोंडात कोंबून उभी. तिले कोणी बस म्हटलं नाही. मीही नाही.

मग कागद आला. अध्यक्षानं अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं सरकवला. मी चौथी शिकलेला. पॅड लोटून दिला, पेन मागितला अन् सगळ्यायले दिसंल अशी ऐटीत सही ठोकली. वाचलं नाही. सही येते एवढ्याच गर्वात होतो.

घरी येऊन त्याची नक्कल बोट ठेवून वाचली. पोरगा संस्थेच्या आश्रमात राहील. सहा महिने आईने भेटू नये. गाडी उद्या सकाळी.

मांडवातला सारा जाळ मी तिच्यावर काढला. तुह्या जिभेनं केलं हे, म्हटलं. चप्पल काढली अन् तोंडावर हाणली. पुन्हा हाणली. ओठ फाटला, रक्त लुगड्यावर.

विलास कोपऱ्यातून उठला. चार वर्षांत त्यानं माह्या डोळ्यात पाहिलं नव्हतं. माहं मनगट धरलं, पिरगाळलं, मले खाली बसवलं.

"बा, दगडायचा थो आवाज तुह्यावानी येते. मायवानी नाही येत."

घन डोक्यात घातला असता तं कमी लागलं असतं.

विहिरीत उतरायले भ्यायचा तो, लहानपणी. मी फावड्याच्या दांड्यानं मारून उतरवायचो. भेकड म्हणायचो, सगळ्या मजुरांसमोर. मग माह्या मारानं त्याचं डोकं गेलं का? मले माहीत नाही. चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. काठावर उभं राहून खाली पाणी हाय का खडक, ते सांगणारे लय पाहिले. सायब त्यातलाच. अर्ध्या तासात निकाल देऊन मोकळा. बाप मारतो का, हे त्यानं विचारलंच नाही. बापाले कोणी विचारत नाही. मायले पकडतात. मीही तिलेच पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. अध्यक्ष पुढं बसलेला, मागून दोन गडी उतरले. मी दारात घन घेऊन उभा.

"काय बे म्हाताऱ्या, सही तुहीच हाय ना?" अध्यक्ष आतूनच बोलला.

"हाव, माहीच हाय. न वाचता केली. पोरगा मायपाशी राहीन."

एक गडी पुढं सरकला. मी घन जीपच्या बोनटवर घातला. दुसरा घाव काचेवर. काचा अध्यक्षाच्या मांडीवर सांडल्या. तिसरा कुठं पडंल, हे त्याले माह्या तोंडाकडं पाहून समजलं. जीप उलटीच गेली गल्लीतून.

बायकोची माफी मागितली नाही. मागून तो ओठ शिवला जाणार नव्हता. तिघंही चालत बीबी गावच्या थांब्यावर गेलो, मेहकरची एसटी धरली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं आधी तिच्या ओठाकडं पाहिलं, मग पोराकडं. घरात कोणी मारतं का, म्हणे.

बायको बोलली, पडलो जी मी.

"खोटं बोलते ती," मी म्हटलं. "मी मारलं. दोघायलेबी. लिहा."