जिन्याखालचा संडास

वाकडच्या आमच्या सोसायटीची मी एक वर्ष सेक्रेटरी होते. त्या वर्षाची आठवण निघाली की मला अजूनही किळस येते, आणि त्या किळसेतला बराचसा भाग माझ्या स्वतःच्या वाट्याचा आहे.

मला कुणी निवडून दिलं असं म्हणणं खोटं होईल. वार्षिक सभेला दरवर्षीप्रमाणे पंचवीस-तीस माणसं जमली होती, त्यातली निम्मी चहा-सामोसे येईपर्यंत थांबलेली. सेक्रेटरी कोण, हा प्रश्न आला तशी सगळ्यांनी मोबाइलमध्ये तोंडं खुपसली. मग कुणीतरी म्हणालं, "मॅडम बँकेतून रिटायर झाल्यात, त्यांचं मराठी किती छान आहे, नोटिसा त्याच लिहितील." टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. साठीनंतर कुणी आपल्यासाठी टाळ्या वाजवत नाही.

काम तसं ठरलेलं असतं. पावसाळ्याआधी गटारं उपसून घ्यायची, पाण्याच्या टाक्या धुवायच्या, आगीचे सिलिंडर भरून आणायचे, लिफ्टची तपासणी, झेंडावंदन, गणपती, कोजागिरीचं दूध. मी वहीत टिपून सगळं नीट करू लागले. आमचे चेअरमन चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. कारखान्याच्या शॉपफ्लोअरवर असतात तशा पिवळ्या रेघा त्यांनी पार्किंगमध्ये मारून घेतल्या होत्या. झाडू टांगायच्या खिळ्यावर झाडूचं चित्र, बादलीच्या जागेवर बादलीचं. लोक कौतुक करायचे. मीही करायची.

आमच्या रस्त्यावरच्या नऊ सोसायट्यांनी मिळून स्वच्छतेची एक स्पर्धा सुरू केली होती. दर मे महिन्यात बाहेरचे परीक्षक यायचे, सगळं फिरून बघायचे. आदल्या वर्षी आमचा नंबर आला नव्हता, आणि चेअरमनसाहेबांनी ते फार मनाला लावून घेतलं होतं.

ए विंगच्या जिन्याखाली एक संडास आहे. वॉचमन, ड्रायव्हर, कामवाल्या बाया यांच्यासाठी बिल्डरने बांधलेला. इतकी वर्षं तो कळकट होता, दार नीट लागायचं नाही, पण वापरात होता. मार्चमध्ये तो नव्याने करून घेतला. पांढऱ्या फरश्या, नवं भांडं, आरसा, भिंतीवर 'स्वच्छता राखा' असा बोर्ड. आणि सगळं झाल्यावर चेअरमन म्हणाले, "आता परीक्षण होईपर्यंत कुलूप लावू. नाहीतर हे लोक आठ दिवसांत वाट लावतील."

कमिटीत आम्ही सहा जण होतो, पाच पुरुष आणि मी. नोटीस मी लिहिली. 'सदर स्वच्छतागृह परीक्षणापर्यंत बंद राहील. सर्वांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती.' 'नम्र विनंती' हे शब्द माझे. चेअरमननी दिलेल्या मसुद्यात नव्हते, मी घातले.

वॉचमनांचं अडलं नाही. गेटमागे कंपाउंडची भिंत होती, पुरुषांचं कुठेही भागतं. अडलं ते बायांचं, आणि सगळ्यांत जास्त जिने झाडणाऱ्या बाईचं, पण हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

ती बीडकडची. चाळिशीची, उंच, काटक. नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर, घर काळेवाडीत भाड्याच्या खोलीत. सकाळी सातला यायची ती तीनला जायची. दोन विंगा, अकरा-अकरा मजल्यांचे जिने, शिवाय पार्किंग. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या दारापाशी आली की मी विचारायची, "चहा घेतेस का गं?" पूर्वी घ्यायची. एप्रिलपासून नको म्हणू लागली. पाणीही नको.

"एवढ्या उन्हात पाणी नको?"

"नको मॅडम. बरं हाय असंच."

मला वाटलं, संकोच करते. मी पुन्हा आग्रहही केला नाही.

मेमध्ये अकराव्या मजल्यावरच्या एक वहिनी कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेल्या. टाकीच्या मागे ओल आहे आणि वास येतोय, अशी त्यांनी तक्रार केली. गच्चीच्या दारावर कॅमेरा आहे. चेअरमननी आठ दिवसांचं रेकॉर्डिंग काढलं आणि आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावून लॅपटॉपवर दाखवलं. रोज अकराच्या सुमाराला ती बाई पाण्याची बादली घेऊन वर जाताना दिसायची आणि चार-पाच मिनिटांनी रिकामी बादली घेऊन परत येताना. बाकी काही दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती.

त्यांनी ते परत लावलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. एकाने खुर्ची पुढे ओढली. दुसरा म्हणाला, "थांबा, इथे जरा मोठं करा." कुणीतरी फिसकन हसलं. पाच शिकलेले, घरी लेकीसुना असलेले पुरुष एका बाईच्या लघवीला जाण्याच्या वेळा मोजत बसले होते. त्यांच्यामागे उभी राहून मीही बघत होते. दार माझ्या मागेच होतं. तरी मी बाहेर गेले नाही.

"आपण त्या टाकीचं पाणी पितो हो," एक जण म्हणाला. टाकीला सिमेंटचा स्लॅब आहे, झाकणाला कडी आहे. आणि बाई रोज बादलीभर पाणी नेऊन ती जागा धूत होती. हे सगळ्यांना समोर दिसत होतं.

संध्याकाळपर्यंत तिचा बादली घेतलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला. कुणी टाकला हे कुणी सांगितलं नाही. खाली हिरव्या तोंडाच्या, ओकणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने गच्चीवर गोमूत्र शिंपडायची सूचना केली, तिला बावीस अंगठे आले. त्याऐवजी जिन्याखालचं कुलूप काढा, असं एकानेही लिहिलं नाही. मी टाइप केलं होतं. मग पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ऑफिसात बोलावलं. ती दाराशी उभी राहिली, हातात झाडू तसाच.

चेअरमन म्हणाले, "गच्चीवर रोज काय करता तुम्ही?"

तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमीच सांगा मॅडम, कुठं जावं मी?"

"घरी जाऊन यायचं," कमिटीतले दुसरे एक जण म्हणाले.

"काळेवाडीला? मागं एकदा गेले तर तुमीच म्हनला, कामाच्या टायमाला फिरायला जाती म्हनून." तिचा आवाज चढला नव्हता. "सकाळपासून पानी पीत न्हाई मी. घसा कोरडा पडतो, तरी पीत न्हाई. पन आठ तास कसा दम धरावा? कुलूप तर तुमीच लावलंय की."

"उलट बोलू नका," चेअरमन म्हणाले. "उद्यापासून यायचं नाही. आणि जाताना गच्ची स्वच्छ धुऊन जा."

"रोज धुतेच की," ती म्हणाली आणि गेली.

मी समोरची वही चाळत राहिले. परीक्षण दोन दिवसांवर आलं होतं, आता तमाशा नको, एवढंच डोक्यात होतं. गच्चीच्या पाइपातून बराच वेळ पाणी खाली पडत राहिलं.

परीक्षणाला एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, चिंचवडगावातल्या, बरोबर दोन गृहस्थ. चेअरमननी त्यांना पिवळ्या रेघा दाखवल्या, खताचा खड्डा दाखवला आणि शेवटी जिन्याखाली नेलं. कुलूप काढलं, दार उघडलं, आणि आतून असा भपकारा आला की बाई दोन पावलं मागे सरल्या.

आत घाण म्हणून काहीच नव्हती. फरश्या लखलखत होत्या. पण दोन महिने कुणी पाणीच ओतलं नव्हतं. जाळीखाली वास अडवून धरणारं पाणी उन्हाळ्यात आटून गेलं होतं आणि गटाराची सगळी हवा वर येऊन त्या बंद खोलीत कोंडली होती. चेअरमननी घाईघाईने गुलाबाचा स्प्रे मारला. गटार आणि गुलाब. तो वास मी कधीही विसरणार नाही.

नाकाला पदर लावून बाईंनी विचारलं, "हा वापरतं कोण?"

"आपला स्टाफ, मॅडम," चेअरमन म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. "सेक्रेटरी तुम्ही ना?"

"हो," मी म्हणाले. "कुणी वापरत नाही. दोन महिने कुलूप आहे. जिने झाडणाऱ्या बाईला जायला जागा नव्हती म्हणून ती गच्चीवर जायची, त्यासाठी परवा आम्ही तिला काढून टाकलं. नोटीस मीच लिहिली होती."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, आता तरी काही होईल. पंधरा दिवसांनी निकाल आला. आमचा दुसरा नंबर. कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह असण्याचे गुण होते, वापराचे नव्हते. चेअरमननी सन्मानचिन्ह घेतानाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळे पहिला गेला."

मी काळेवाडीला गेले ते त्यानंतर. खरं तर परीक्षणाच्या दुसऱ्या दिवशीच जायला हवं होतं. तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं. वॉचमनकडून पत्ता घेतला. एका गल्लीत वरच्या मजल्यावर ओळीने चार खोल्या, टोकाला चौघांत मिळून एक संडास. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठली, पंखा माझ्याकडे वळवला, तांब्याभर पाणी आणून दिलं.

"तब्येत कशी आहे?"

"आता बरी हाय. लघवीला आग व्हायची, ताप यायचा. डॉक्टर म्हनले, पानी पीत नव्हतात का? काय सांगावं त्याला?"

"माझं चुकलं गं," मी म्हणाले. "तेव्हाच बोलायला हवं होतं."

ती 'जाऊ द्या' म्हणाली नाही, याचं मला आजही बरं वाटतं. तांदळातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "चुकलं तर मग एक करा. तो फोटू समद्या सोसायट्यांत गेलाय. दोन ठिकानी कामाला गेले, वॉचमन म्हनला, तीच का बादलीवाली? तुमी लिहून द्या, मी काम कसं केलं ते. तुमचं मराठी चांगलं हाय म्हनतेत."

त्या शेवटच्या वाक्यात टोमणा होता की नव्हता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी घरी येऊन पत्र लिहिलं. सहा वर्षं इमानाने काम केलं, एक दिवस तक्रार नाही, आणि कामावरून काढलं ती चूक सोसायटीची होती. चेअरमन म्हणाले, यावर शिक्का मिळणार नाही. शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. मी मारला आणि पत्र नेऊन दिलं.

महिन्याभराने तिचा फोन आला. चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागली होती. पहाटे उठून दोन बस बदलून जावं लागायचं. "लांब पडतंय," म्हणाली, "पन बायकांसाठी येगळे पाच संडास हायेत मॅडम. पाच!" आणि हसली. तिला मी हसताना कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. एका बाईने नव्या नोकरीबद्दल कौतुकाने सांगावं, आणि सांगावं ते संडासांबद्दल.

पुढच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला की जिन्याखालचा संडास कायम उघडा ठेवावा. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. रोगराई, सुरक्षितता, बाहेरची माणसं घुसतील. घरच्या मोलकरणीच्या हातची पोळी रोज खाणारी माणसं तिच्या संडासाबद्दल ज्या शब्दांत बोलत होती, ते मी इथे लिहिणार नाही. शेवटी तडजोड निघाली. चावी गेटवर राहील आणि जाणाऱ्या बाईने रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर आणि वेळ लिहून सही करायची. ठराव एकमताने मंजूर झाला असं लिहायला मला सांगितलं. मी लिहिलं, 'सेक्रेटरींचा विरोध', आणि तिथेच राजीनामा दिला. या खेपेला टाळ्या पडल्या नाहीत.

रजिस्टर वर्षभरानंतरही जवळपास कोरंच आहे. कोण बाई गेटवरच्या पुरुषांसमोर तशी सही करणार?

आमच्या हॉलला लागून पाहुण्यांसाठीचं बाथरूम आहे. मी बायांना सांगून टाकलं, माझ्याकडे या. एके दिवशी माझ्या यजमानांनीच दारापाशी चपलांसाठी जागा केली. आता चार-पाच जणी येतात. कुणी पाच मिनिटं टेकते, कुणी घाईत पाणी पिऊन जाते. एक जण अशी आहे की जाताना हमखास दोन मग पाणी जास्त ओतते आणि फरशी पुसून ठेवते. "पुसू नकोस गं," मी दहादा सांगितलं. ती पुसतेच.

समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी पूर्वी माझ्याकडे वाटी घेऊन विरजणाला यायच्या. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा दारातूनच कुंकू लावून घेतलं आणि तिळगूळ पदरात घेतला. "आत या ना," मी म्हणाले, तर बाथरूमच्या दाराकडे बघून म्हणाल्या, "नको, गडबडीत आहे. वरही एकीकडे जायचंय." लिफ्ट येईपर्यंत त्या पाठ करून उभ्या होत्या. मी दार लावलं नाही. त्या जाईपर्यंत तशीच उभी राहिले.