मागच्या सीटची पाठ

घरात जुन्या किल्ल्या साठतात, तसे आमच्या बैठकीत किस्से साठतात. कुठल्या कुलपाची कुठली ते आठवत नाही, पण फेकवत नाहीत. गेल्या दोन-अडीच वर्षांतले आमचे बहुतेक किस्से एकाच पिकअपचे आहेत, आणि ती पिकअप त्या काळात अस्तित्वातच नव्हती. येणार होती.

बैठक म्हणजे बनारसमधल्या दूधविनायकाच्या गल्लीच्या तोंडावरचा चहाचा ठेला. आम्ही चौघं. घरी मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि ठेल्यावर दोन्हींची खिचडी. मी शाळेत शिकवतो आणि थोडंफार लिहितो. सोनटक्केकाका रेल्वेतून निवृत्त झालेत, पण टाइमटेबलातून अजून झालेले नाहीत. केदारचं मोबाईलचं दुकान आहे. चौथा विनू, माझा मेहुणा, सुधाचा धाकटा भाऊ. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं जेवण आणि सामान तो सांभाळतो.

विनूकडे जुनी पिकअप होती. पुढे-मागे सीटच्या दोन ओळी, त्यामागे उघडा हौदा. हौद्यात पातेली, मागच्या सीटवर आचारी. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि हात पुसत सांगितलं, "भइया, ई गाड़ी एक कातिक अउर खींच देई, बस."

कार्तिक म्हणजे आमच्याकडचा मुख्य हंगाम. महिनाभर पंचगंगा घाटावर स्नानाची गर्दी, आणि विनूच्या वर्षाच्या कमाईतली मोठी वाटणी त्या महिन्यातली. शहाण्या माणसानं त्याच आठवड्यात दुसरी गाडी घेतली असती. पण त्याच आठवड्यात केदारनं बातमी आणली की कंपनी याच गाडीची सुधारलेली आवृत्ती काढते आहे.

"विनूदादा, अभी मत लेना. सगळं बदलणार आहे. पक्की खबर."

विनू थांबला.

*

पहिली पक्की खबर अशी, की नवी गाडी चार बोटं रुंद होणार. सोनटक्केकाकांनी चहा खाली ठेवला, छत्री उचलली आणि आमची गल्ली मोजून आले.

"गल्ली पावणेदोन छत्र्या. जुनी गाडी दोन छत्र्या. नवी त्याहून रुंद. म्हणजे शिरणार नाही."

"काका, जुनी तरी कुठे शिरते?" विनू म्हणाला. त्याची गाडी मैदागिनला उभी असते. तिथून पुढे पातेली हातगाडीवर आणि पाहुणे पायी. आमच्या गल्लीत समोरून गाय आली, तर स्कूटरसुद्धा माघार घेते.

"तेच म्हणतोय मी. मग नवीचा उपयोग काय?"



*

येऊ घातलेल्या गाडीचा आकार कळू नये म्हणून कंपन्या तिला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांनी मढवून रस्त्यावर फिरवतात, हे केदारनं आम्हाला शिकवलं. तेव्हापासून बनारसमध्ये काळंपांढरं काहीही दिसलं की तो थबकतो. झेब्रा क्रॉसिंगवरसुद्धा एकदा थबकलेला मी पाहिला आहे.

एका सकाळी तो धापा टाकत आला. "कँट स्टेशनपाशी उभी आहे. एका हॉटेलच्या मागे. कसम से."

ई-रिक्षा केली. चौघं आणि काकांची छत्री. खरोखरच हॉटेलच्या मागे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांखाली काहीतरी लांबलचक उभं होतं. केदारनं चहूबाजूंनी फोटो काढले, खाली 'बनारस में टेस्टिंग शुरू' असं लिहिलं आणि तिथल्या तिथे इंटरनेटवर चढवले. काका म्हणाले, "लांबी वाढलेली दिसते." मी घड्याळ पाहिलं. माझा पहिला तास बुडाला होता.

तेवढ्यात कापड वर झालं आणि एक माणूस दात घासत बाहेर आला. "का गुरु, तंबू चाही?"

लग्नाच्या मांडवाचं कापड होतं. पावसानं भिजलं म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाळत घातलं होतं.

केदारनं फोटो काढून टाकायचं कबूल केलं आणि तो विसरला. तीन आठवड्यांनी पुण्याहून सहलवाल्यांचा विनूला निरोप आला, "तुमच्याकडे टेस्टिंग चालू आहे म्हणे." सोबत तोच फोटो.

काकांनी चष्मा लावून तो नीट पाहिला. "बघ. पुण्याहून आलंय म्हणजे खरं असणार."

आणि ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी ती ट्रॉली पाहिली होती, तो विनू म्हणाला, "मग थांबू या अजून महिनाभर."

*

तो कार्तिक जुन्या गाडीनं कसाबसा काढला. त्या हिवाळ्यात सुधाचे उपचार चालू होते. दर पंधरवड्याला लंका नावाच्या मोहल्ल्यापलीकडच्या हॉस्पिटलात जावं लागे. विनू असताना भाड्याची गाडी करणं म्हणजे त्याच्याशी भांडण. तिला धरून बसायला कुणीतरी लागायचं, म्हणून आम्ही दोघं मागे बसायचो. त्या सीटची पाठ भिंतीसारखी सरळ होती. उशा लावून पाहिल्या, दुलई लावून पाहिली. गतिरोधक आला की विनू आरशात बघायचा आणि विचारायचा, "लागलं का गं, ताई?"

"नाही रे," सुधा म्हणायची. मग माझ्या कानाशी, "या सीटवर बसलं की वाटतं, कुणीतरी तोंडी परीक्षा घेतंय."

त्याच सुमारास ठेल्यावर ठरलं की आपण नुसतं बोलत बसण्यापेक्षा कंपनीलाच लिहावं. लिहिणारा घरचाच होता. प्रत्येकानं आपापले मुद्दे मला सांगितले. यात्रेकरूंचे गंगाजळाचे कॅन कलंडणार नाहीत अशी जागा. म्हाताऱ्या बायकांना चढायला पायरी. हौद्यात दोर बांधायला कड्या. केदारला चार चार्जर हवे होते. काकांना हॉर्न हवा होता.

"कसा हॉर्न?"

"बसलेली गाय उठली पाहिजे, असा."

घरी सुधानं विचारलं, "माझाही एक लिहाल? मागच्या सीटची पाठ जरा मागे जाऊ दे म्हणावं."

एकूण सतरा मुद्दे झाले. सतरा मुद्द्यांचं पत्र कुणी वाचत नाही, हे मी मुलांना शिकवतो. मी सात ठेवायचे ठरवले. सहा लगेच ठरले. सातव्या जागेसाठी दोन उरले, काकांचा हॉर्न आणि सुधाची सीट. काका दुसऱ्या दिवशी सकाळी समोर बसून विचारणार होते. सुधा घरचीच होती. शिवाय मालवाहू गाडीच्या कंपनीला सीटची पाठ टोचते असं लिहिणं मला जरा घरगुती वाटलं. सातवा हॉर्न गेला.

"सगळं लिहिलंत ना, भाऊजी? ताईचं?" विनूनं विचारलं.

"लिहिलं," मी म्हणालो. पत्र इंग्रजीत होतं. त्यानं वाचायला मागितलं नाही.

*

कंपनीचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. इतक्या लवकर आलं, की काकांना संशय आला. त्यात लिहिलं होतं की आपण आमच्या गाडीत रस दाखवल्याबद्दल आभार, प्रतिनिधी संपर्क करेल.

प्रतिनिधीनं खरोखर संपर्क केला. पुढचं जवळजवळ वर्षभर दर सोमवारी, मी वर्गात असताना, एक मुलगी फोन करायची. "सर, टेस्ट ड्राइव कब लेंगे?"

मला गाडी चालवता येत नाही, हे मी तिला सांगितलं. लायसन नाही हे सांगितलं. घरापर्यंत रस्ता नाही हेही सांगितलं. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "कोई बात नहीं सर, अगले सोमवार।"

चैत्रात सुधा गेली. त्या सोमवारीही फोन आला. मी सांगितलं की घरात असं असं झालं आहे. ती म्हणाली, "सर, तेरहवीं के बाद करूँ?"

रागवावं असं वाटलं होतं. पण एवढ्या दिवसांत काही करण्याआधी मला विचारणारी ती पहिलीच होती. मी म्हणालो, "करा."

*

त्यानंतर विनू थांबणं सोडेल असं मला वाटलं होतं. उलट तो शोरूमला दर आठवड्याला फोन करू लागला. नवी कधी येणार, आणि मागच्या सीटची पाठ मागे जाते का.

"सर, आपको माल ढोना है ना?"

"माल पीछे रहेगा. हम सीट का पूछ रहे हैं."

केदार एकदा म्हणाला, "दादा, पिकअप घेतोयस की पलंग?" कुणी हसलं नाही. केदार कप विसळायला उठला. आमच्या ठेल्यावर कप मातीचे असतात, ते फोडायचे असतात.

शेवटी मी वैतागून म्हणालो, "विनू, गाडी पार बसायला आली आहे. सध्या मिळते ती घे. आता कशासाठी थांबतोस?"

"आपण पत्र दिलंय, भाऊजी. ताईनं सांगितलेलं आहे. जरा वाट तर बघू."

तेव्हा त्याला सांगता आलं असतं. काका शेजारीच बसले होते. मी चहा मागवला.

*

मग व्हायचं तेच झालं. पुढच्या कार्तिकात साताऱ्याकडची पन्नास माणसं पंचगंगेवर सकाळचं स्नान आटोपून उतारूंच्या धर्मशाळेत पानं मांडून बसली होती आणि त्यांचं जेवण मैदागिनच्या अलीकडे बंद पडलेल्या गाडीत होतं. विनू, केदार आणि मी, तिघांनी वरणाची पातेली दोन ई-रिक्षांत चढवली. काका रिक्षापुढे छत्री आडवी धरून चालले, म्हणजे वाट मोकळी होईल. कुणीही वाट मोकळी केली नाही. जेवण पोचलं तेव्हा उन्हं उतरली होती.

विनू हात जोडून उभा राहिला. एक आजीबाई म्हणाल्या, "असू दे बाळा. काशीत उपास घडला, पुण्यच लागलं."

त्यांच्या सहलवाल्याला पुण्य नको होतं. तो म्हणाला, "पुढच्या कार्तिकात असं झालं, तर दुसरा माणूस बघू." त्याच्या सहली म्हणजे विनूचं अर्धं काम. विनूनं मान डोलावली, आणि सोमवारी पुन्हा शोरूमला फोन केला.

*

या वर्षी भाद्रपदात नवी गाडी आली. कार्तिक दोन महिन्यांवर होता. चौघं मिळून बघायला गेलो.

रुंदी तेवढीच. गंगाजळाच्या कॅनला जागा नाही. पायरी नाही, कड्या नाहीत. समोरची जाळी बदलली होती, आत पाटीएवढा स्क्रीन आला होता आणि एक मातकट रंग वाढला होता. केदार दोन वर्षांच्या पक्क्या खबरा आठवत गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "कंपनीनं ऐन वेळी बदललं असणार."

काकांनी आत हात घालून हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. "तोच आहे," ते म्हणाले. "म्हणजे आपलं पत्र कुणी वाचलंच नाही."

विनू मागचं दार उघडून आत बसला होता. सीटच्या बाजूला एक खटका होता. त्यानं तो ओढला. पाठ मागे गेली. फार नाही, चार बोटं.

तो तसाच टेकून बसला. मग सेल्समनला म्हणाला, "ये पहले नहीं था."

"नहीं सर, इसी में दिया है. कंपनी ग्राहकों की सुनती है."

"सुनेगी कैसे नहीं. हमारे जीजाजी ने चिट्ठी लिखी थी."

सेल्समननं माझ्याशी हात मिळवला. काकांनीही मिळवला. विनूनं तिथेच गाडी नक्की केली. मग म्हणाला, "काका, केदार, तुम्ही चहा घ्या. भाऊजी, तुम्ही मागे बसा."

सेल्समन पुढे त्याच्या शेजारी बसला. विनू गाडी लंकेकडे घेऊन निघाला. रस्ता त्याच्या सवयीचा होता. हॉस्पिटलच्या फाटकापाशी वळवून तो परत फिरला. गतिरोधक आला तसा त्यानं वेग कमी केला आणि आरशात पाहिलं.

"लागलं का, भाऊजी?"

"नाही."

थोडं पुढे गेल्यावर त्यानं पुन्हा आरशात पाहिलं.

"ताईचा मुद्दा कितवा होता हो पत्रात?"

"सातवा," मी म्हणालो.