आधी आईच्या कपाळाला

येरमाळ्याहून आणलेल्या अंगाऱ्याची पुडी आज उघडली आणि त्या वासानं मला दवाखान्यातली काचेची पेटी आठवली.

सातव्या महिन्यात जन्मलेल्या नातीच्या रक्तात बुरशीचा संसर्ग झाला होता; बाहेरचं काही तिला लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी अंगारा लावायला पेटीत हात घालणार, तोच माझ्यापुढं कधी मान वर न करणाऱ्या सुनेनं मनगट धरलं.

"मामा, लावायचाच तर मला लावा. तिला न्हाय."

सुनेलाच लावला. पुढं औषधं लागू पडली. नातीनं खणखणीत भोकाड पसरलं, तेव्हा आम्ही सासरा-सून पोट धरून हसलो.

गावात मात्र मी सांगत राहिलो, पोर माझ्या अंगाऱ्यानं वाचली.

आज नातीनं कपाळ पुढं केलं.

"थांब, आधी तुझ्या आईला. तिनं माझा हात धरला म्हणून तू हाईस."