नाराज ग्राहक

बीडला माझं आणि माझ्या मित्राचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. तेव्हापासून त्याचं माझ्याशी एकही वाक्य 'बे'शिवाय पुरं होत नाही. जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं त्याच्याकडे. माल मागवणं, बिलं, बँक माझ्याकडे. लिंबागणेशपासून कड्यापर्यंत कुणाचीही मोटार बंद पडली की फोन त्यालाच जातो. सगळे त्याला भाई म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात कड्याचं एक जुनं गिऱ्हाईक हातचं गेलं. मला वाटलं, याने दुरुस्तीला माणूस पाठवला. याला वाटलं, मी पाठवला. त्या गृहस्थांनी दुसरीकडून मोटार घेतली आणि मुद्दाम दुकानात येऊन सांगितलं, "तुमी आता लई मोठे झालात." ते बोलणं मला लागलं. गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारं, आठवण करून देणारं सॉफ्टवेअर घ्यायचं मी ठरवलं.

दोन पाहिली. एक संभाजीनगरच्या माणसाचं, साधं होतं: नाव, गाव, मोटार कोणती, परत कधी विचारायचं. दुसरं पुण्याच्या कंपनीचं. ते कॉल रेकॉर्ड करायचं, बोलणं ऐकून गिऱ्हाईक खूश आहे की नाराज तेही सांगायचं. मला अर्थातच दुसरं आवडलं. मित्र म्हणाला, "मला कावून इचारतो बे? तुला पटंल ते घे."

कंपनीचा प्रतिनिधी आला आणि आठवडाभर वापरून बघा म्हणाला. मित्र तेव्हा मोटार उघडून बसला होता, हात ग्रीसने भरलेले. त्याने नुसती मान खिशाकडे वळवली. प्रतिनिधीने फोन काढून घेतला, अंगठा पुसून लावायला सांगितला आणि काय काय दाबत राहिला. मी विचारलं, "दुकानाचेच कॉल घेतं ना हे?"

"बिझनेस कॉलच, सर," तो म्हणाला.

आठवड्याने तो परत आला. दुकानातल्या टीव्हीला त्याने लॅपटॉप जोडला. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. मित्र शेजारी स्टुलावर चहा पीत बसला. पडद्यावर कॉलची रांग उभी राहिली, प्रत्येकापुढे हिरवा नाहीतर पिवळा ठिपका. एकाच कॉलपुढे लाल ठिपका होता आणि खाली लिहिलं होतं, 'नाराज ग्राहक. तीन दिवसांत संपर्क करा.'

"हे बघा," प्रतिनिधी खुशीत म्हणाला, "असा ग्राहक तुमच्या हातून निसटला असता. आता ऐका." त्याने बटण दाबलं.

टीव्हीतून माझ्या मित्राचा आवाज आला. स्वच्छ, दुकानभर. तो मोठ्या बहिणीशी बोलत होता.

"आपा, डॉक्टर बोले गठान अच्छी नहीं है. गले की है."

पलीकडे बाईच्या रडण्याचा आवाज. मला काही कळेना. मी मित्राकडे पाहायला हवं होतं, पण माझी मान वळेना. मी त्या लाल ठिपक्याकडेच बघत राहिलो. मग टीव्हीतला आवाज पुन्हा बोलला, "उसकू मत बोलना. दुकान छोडके मेरे पीछे फिरेगा."

तो म्हणजे मी.

प्रतिनिधी बटणं शोधत होता. आवाज थांबता थांबेना. शेवटी मित्र उठला, भिंतीजवळ गेला आणि टीव्हीची पिन उपसली. चहाचा कप दुसऱ्या हातात तसाच होता, चहा जराही सांडला नव्हता.

"जा बाबा तू," तो प्रतिनिधीला हळू म्हणाला. "पयलं माझ्या फोनमधलं काढ, मग जा."

प्रतिनिधीने ॲप काढलं, दोनदा माफी मागितली आणि बॅग उघडीच घेऊन निघून गेला. दुकानात आम्ही दोघे उरलो. बाहेर रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते. मला त्यांचा एकेक शब्द ऐकू येत होता आणि अर्थ लागत नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गिळताना टोचत होतं दिवाळीपासून. मागच्या हप्त्यात तुकडा काढून तपासायला धाडला."

"अन् मला सांगावं वाटलं न्हाई?"

"सांगून काय केलं असतंस बे?"

"आलो असतो."

"म्हणून तर न्हाई सांगितलं. सीझन तोंडावर आलाय."

मला राग यायला हवा होता, आला नाही. आपण रोज एका डब्यातून जेवतो, त्याचा घास आजकाल लहान झालाय, हे आपल्याला दिसलं नाही आणि एका यंत्राला त्याच्या आवाजावरून ऐकू आलं. तेही चूक समजून. या गोष्टीचा धक्का मला दुखण्याच्या बातमीपेक्षा जास्त बसला की कमी, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान बंद ठेवलं आणि त्याच्याबरोबर संभाजीनगरला गेलो. तो वाटभर कुरकुरत होता. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक झाले. त्या काळात त्याचा फोन माझ्या खिशात असायचा. सिरसाळ्याचा माणूस मोटारीचं विचारायचा, मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून उत्तर द्यायचो आणि तिथेच नोंद करायचो. ती नोंद त्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये. संभाजीनगरचा माणूस स्वतः येऊन फोनवर घालून देऊन गेला होता. पुण्याच्या कंपनीला मी रेकॉर्डिंग पुसायला सांगितलं. पुसलं असं त्यांनी कळवलं. खरंच पुसलं का, ते मला कसं कळणार?

आता तो दुपारपर्यंत दुकानात बसतो. आवाज बारीक झालाय, त्यामुळे फोन मीच घेतो. गिऱ्हाइकं आधी भाईची तब्येत विचारतात, मग मोटारीचं. येत्या आठवड्यात संभाजीनगरला त्याची तपासणी आहे. आज शटर वर करता करता त्यानेच मला ते सांगितलं, आणि म्हणाला, "गाडी तूच काढ बे, एसटीत लई धक्के बसतेत."